पोस्टिंगचा फोड सुटीत उठतो

दिवाळीच्या सुटीला जवान गावी येतो. चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, साक्री, शिरपूर, कुठलाही तालुका घ्या, गावात चार-दोन फौजी घरं असतातच. आल्यावर दोन दिवसांत घरच्यांच्या लक्षात येतं की मनगटाच्या वर, कानाच्या पाळीवर किंवा घोट्याजवळ एक लालसर गाठ आहे. दुखत नाही, फारशी खाजतही नाही. "काही चावलं असेल," म्हणून विषय संपतो. मेडिकलवाला एक ट्यूब देतो. ट्यूब संपते आणि गाठ फुटते. मध्ये खड्डा पडतो, वर खपली धरते, कडा मात्र टणक आणि उंच राहतात. सुटी संपते, फोड संपत नाही.

अशा फोडांपैकी बरेच साधे असतात. पण जवान राजस्थानातून, सतलज खोऱ्यातून, जम्मूच्या डोंगरी पट्ट्यातून किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरून आलेला असेल, तर त्वचेच्या लीशमॅनियासिसचा विचार करावाच लागतो. लीशमॅनिया हा एकपेशीय परजीवी आहे आणि तो सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. खानदेशात हा आजार स्थानिक म्हणून ओळखला जात नाही. जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांपुढे रोज गळवं, नायटा, कुष्ठरोगाचे चट्टे, क्वचित त्वचेचा क्षय येतो, आणि हा फोड वर्षानुवर्षं येत नाही. त्यामुळे ज्या एका प्रश्नाने निदानाची वाट उघडते तो विचारला जात नाही: गेल्या वर्षभरात कुठे होतास?

जवानही आपणहून सांगत नाही. काहींना वाटतं, पोस्टिंगबद्दल बोलायचंच नसतं. पण डॉक्टरला पोस्टचं नाव किंवा युनिटचं ठिकाण नको असतं. "बिकानेरच्या बाजूचं वाळवंट, मे ते ऑगस्ट, बऱ्याच रात्री उघड्यावर" एवढं सांगितलं तरी काम होतं.

चावा आणि फोड यांतलं अंतर

माशी चावल्यापासून गाठ दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. परजीवी लीशमॅनिया मेजर जातीचा असेल तर लवकर, ट्रॉपिका जातीचा असेल तर उशिरा, कधी सहा-आठ महिन्यांनीसुद्धा. राजस्थानात वाळूमाशीचा जोर साधारण उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत असतो. त्यामुळे हिशेब असा लागतो: जूनमध्ये चावा, दिवाळीत गाठ, संक्रांतीपर्यंत खड्डा आणि पुढच्या आखाजीलाही तो पुरता भरलेला नाही. म्हणून "गेल्या आठ दिवसांत काय चावलं" या आठवणीला इथे काहीच अर्थ नाही. जवानाला चावा आठवतच नाही, आणि आठवला तरी तो त्या गाठीशी जोडत नाही.

२००३ मध्ये इराकमध्ये गेलेल्या अमेरिकी सैन्याला हाच धडा मिळाला. २००४ च्या सुरुवातीपर्यंत त्यांच्याकडे पाचशेहून जास्त रुग्ण प्रयोगशाळेत पक्के झाले होते. सैन्य आधुनिक होतं, पैसा होता, कीटक पळवणारं क्रीम होतं, मच्छरदाण्या होत्या. पण पहिल्या उन्हाळ्यात त्या वेळेवर पोचल्या नाहीत, पोचल्या तिथे वापरल्या गेल्या नाहीत, आणि उकाड्यामुळे माणसं बाही वर करून उघड्यावर झोपली. कित्येकांचे फोड घरी परतल्यावर, ज्या डॉक्टरांनी असा फोड कधी पाहिला नव्हता त्यांच्यापुढे उघडले.

माशी कशी आहे

वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी, मातकट आणि केसाळ. बसते तेव्हा पंख वर उभे इंग्रजी व्ही अक्षरासारखे. आवाज करत नाही. डासाच्या गुणगुणीने माणूस जागा होतो, हिच्यामुळे होत नाही. चावते फक्त मादी, मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. दिवसा छेडलं तर दिवसाही चावते, म्हणजे बंकर साफ करताना, ढासळलेली भिंत उकरताना, बिळाजवळ बसल्यावर.

हिला पाण्याचं डबकं लागत नाही. डास मारायचे म्हणून ड्रम उपडे केले, गटारात तेल टाकलं, तरी हिच्यावर परिणाम शून्य. ती वाढते भिंतीच्या भेगांत, गुरांच्या गोठ्यातल्या ओलसर मातीत, दगडांच्या ढिगाऱ्यात आणि उंदरांच्या बिळांत, जिथे अंधार, थोडी ओल आणि कुजका पाला-शेण असतं. थरच्या वाळवंटात मेरिओनिस हुरियाने नावाचा वाळवंटी उंदीर लीशमॅनिया मेजरचा साठा सांभाळतो. त्याच्या बिळांनी चाळणी झालेल्या जमिनीवर तंबू ठोकणं म्हणजे माशीच्या दारात झोपणं. बिकानेर शहरात आणि आजूबाजूला मात्र मुख्य परजीवी लीशमॅनिया ट्रॉपिका आहे. तो माणसातून माशीमार्गे माणसात फिरतो, त्यामुळे तिथे जुन्या घरांच्या भेगाळलेल्या भिंती बिळांइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

हिमाचलात, सतलजच्या खोऱ्यात, किन्नौरकडे चित्र आणखी वेगळं आहे. तिथल्या त्वचेच्या फोडांतून लीशमॅनिया डोनोव्हानी सापडला आहे, म्हणजे बिहार-झारखंडात काळा आजार (पोटातली प्लीहा सुजवणारा लीशमॅनियासिस) करणारी जात. डोंगर आणि थंडी म्हणजे सुरक्षित, हा समज तिथे चालत नाही.

माशी आपल्या मुलखात नाही असंही नाही. चांदीपुरा विषाणूच्या बातम्यांत जी सँडफ्लाय येते ती याच कुळातली. फक्त हा परजीवी इथल्या माशांमध्ये फिरत असल्याचं चित्र नाही, म्हणून गावात आलेल्या एका जवानामुळे साथ पसरेल अशी भीती बाळगू नये. एका ताटात जेवल्याने, फोडाला हात लागल्याने, लेकराला कडेवर घेतल्याने हा आजार जात नाही. घरात वेगळी बाज, वेगळा टॉवेल वगैरे करायची काही गरज नाही.

फोड ओळखताना

जागा बघा. कपड्याबाहेरचा भाग: चेहरा, कान, मान, मनगट ते कोपर, नडगी, घोटा. पोटावर-मांडीवर असेल तर शक्यता कमी, पण उघड्या अंगाने झोपणाऱ्याच्या बाबतीत हे गणित चुकतं.

दुखणं बघा. या फोडाचं खरं लक्षण म्हणजे तो दिसायला जितका वाईट तितका दुखत नाही. गळू तीन-चार दिवसांत ठणकतं, पिकतं, फुटतं आणि मोकळं होतं. हा आठवडे घेत सावकाश मोठा होतो. अचानक ठणका, पू, आजूबाजूला लाली आणि गरमपणा आला तर वर जिवाणूंचा दुसरा संसर्ग बसला आहे. इथेच फसगत होते. अँटिबायोटिक दिल्यावर पू आणि ठणका जातो, रुग्णाला बरं वाटतं, डॉक्टरलाही वाटतं औषध लागू पडलं, आणि मूळ फोड तसाच राहतो. दहा दिवसांच्या अँटिबायोटिकनंतर फोडाची कडा जशीच्या तशी टणक असेल तर दुसरी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी थांबून नमुना घ्यावा.

मलमाबद्दल जरा कठोर बोलायला हवं. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूब आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतात आणि प्रत्येक फोडाला लावल्या जातात. स्टेरॉइडने लाली उतरते, दोन-चार दिवस छान वाटतं, पण त्या जागची प्रतिकारशक्ती दबते आणि परजीवीला मोकळं रान मिळतं. शिवाय फोडाचं मूळ रूप बदलल्यामुळे पुढच्या डॉक्टरलाही ओळखता येत नाही. चुना, बिब्बा, गरम विळ्याचा डाग यांनी तर मूळ व्रणाशेजारी भाजल्याचा दुसरा व्रण तयार होतो.

बधिरपणाही तपासा. कापसाचा पीळ फोडाच्या आजूबाजूला फिरवा. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर विचार आधी कुष्ठरोगाचा.

नमुना: इथे सगळं ठरतं

निदान पक्कं होतं फोडाच्या कडेतून घेतलेल्या स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या नमुन्यावर. हे खानदेशात अशक्य नाही, फक्त दोन कौशल्यं एकत्र आणावी लागतात आणि दोन्ही जिल्ह्यात आधीच असतात. कुष्ठरोग कार्यक्रमातल्या तंत्रज्ञाला त्वचेला चीर देऊन स्मिअर घ्यायचा सराव असतो. आणि रक्ताची काच रंगवणाऱ्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये गीम्सा किंवा लीशमनचा रंग असतो. कुष्ठरोगाची काच झील-नील्सनने रंगवतात, तो रंग इथे उपयोगाचा नाही. काच घेणारा आणि रंगवणारा यांनी आधी एकमेकांशी बोललं पाहिजे, नाहीतर काच चांगली घेऊनही चुकीच्या रंगात जाते.

पद्धत अशी. खपली सलाइनने भिजवून सोडवायची, स्पिरिटने जागा पुसायची आणि ती पूर्ण सुकू द्यायची. कडेला बधिर करणारं थोडं लिग्नोकेन. मग कडेचा टणक भाग अंगठा आणि तर्जनीत घट्ट चिमटायचा, इतका की जागा पांढरी पडावी. ही पकड काच होईपर्यंत सोडायची नाही, कारण ती सुटली की रक्त येतं, आणि रक्त आलं की नमुना पातळ होऊन परजीवी हरवतो. १५ नंबरच्या ब्लेडने साधारण ५ मिलिमीटर लांब आणि २-३ मिलिमीटर खोल चीर. ब्लेड काटकोनात वळवून चिरेच्या आतली बाजू खरवडायची आणि जो रसासारखा पेशींचा गर येईल तो काचेवर पातळ पसरायचा. एकाच काचेवर भरवसा ठेवू नये, निदान तीन-चार करून घ्याव्यात. वाऱ्यावर सुकवून, मिथेनॉलमध्ये स्थिर करून रंगवायच्या आणि तेलाच्या भिंगाखाली सावकाश बघायच्या.

दिसायला हवेत ते अमॅस्टिगोट, लॅबच्या भाषेत एलडी बॉडीज. २ ते ४ मायक्रोमीटरचे गोल-लंबगोल ठिपके, बऱ्याचदा मोठ्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशीच्या पोटात. तांबड्या पेशीशी ताडून बघा, तिच्या निम्म्याहून लहान. नुसता ठिपका पुरत नाही. आत गोल केंद्रक आणि शेजारी काडीसारखा कायनेटोप्लास्ट, दोन्ही दिसले तरच हो म्हणायचं. रंगाचे कण आणि प्लेटलेट अगदी तसेच भासतात, आणि नवख्या नजरेची सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

काच निगेटिव्ह येण्याची नेहमीची कारणं तीन. नमुना खड्ड्याच्या मधोमध घेतला, जिथे मेलेल्या पेशी आणि जिवाणू असतात. पकड सुटून रक्त मिसळलं. किंवा फोड सहा महिन्यांहून जुना, ज्यात परजीवी विरळ झालेले असतात. म्हणून निगेटिव्ह काचेने विषय मिटत नाही. कडेतून ३-४ मिलिमीटरची पंच बायॉप्सी (त्वचेचा छोटा गोल तुकडा) घेऊन अर्धी हिस्टोपॅथॉलॉजीला आणि अर्धी पीसीआरसाठी पाठवता येते. पीसीआरने जातही कळते. पीसीआरचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, लॅब ज्या द्रावणात सांगेल त्यातच द्या. ही चूक मोठ्या ठिकाणीही होते आणि रुग्णाला पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

काळ्या आजारासाठी वापरतात ती आरके-३९ पट्टी (रक्ताची झटपट चाचणी) त्वचेच्या फोडाला बऱ्याचदा निगेटिव्ह येते. "पट्टी निगेटिव्ह, म्हणजे लीशमॅनिया नाही" हा निष्कर्ष चुकीचा.

उपचार

लीशमॅनिया मेजरचा लहान, एकुलता फोड बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरतो. ट्रॉपिका वर्षभर किंवा जास्त घेतो. भरला तरी पातळ, खोलगट वण कायमचा राहतो, आणि नाकावर किंवा गालावर असेल तर तो लहान प्रश्न नाही. त्यामुळे उपचार द्यायचा की थांबायचं हे जात, जागा, आकार आणि संख्या बघून ठरतं.

फोड मोजके, लहान आणि डोळा, ओठ, सांधा यांपासून दूर असतील तर औषध थेट फोडात टोचतात. सोडियम स्टिबोग्लुकोनेट हे अँटिमनीपासून बनलेलं औषध, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अँटिमनी. बारीक सुई कडेतून आत घालून चहूबाजूंनी, कडा पांढरी पडेपर्यंत. एका वेळी किती हे फोडाच्या आकारावर ठरतं, आणि काही दिवसांच्या किंवा आठवड्याच्या अंतराने पुन्हा. सुई चांगलीच दुखते, ते आधी सांगावं, म्हणजे माणूस दुसऱ्या वेळेला गायब होत नाही. द्रव नायट्रोजनने गोठवणं याला जोडून केलं तर फायदा वाढतो. फोडाला ५० अंश सेल्सिअसवर ३० सेकंद शेकणारं रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्रही वापरात आहे. इथे तापमान यंत्र ठरवतं, म्हणून चुलीवर तापवलेल्या कशाने ते घरी करून बघण्याची कल्पना कुणी मनातही आणू नये.

फोड पुष्कळ असतील, सांध्यावर किंवा चेहऱ्याच्या नाजूक जागी असतील, लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने गाठींची रांग उठली असेल, तर संपूर्ण शरीराला औषध लागतं. अँटिमनी किलोमागे २० मिलिग्रॅम रोज, साधारण तीन आठवडे. यात हृदयाची लय बिघडू शकते आणि स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून ईसीजी आणि रक्त तपासत राहावं लागतं. हे तालुक्याच्या दवाखान्यात सुरू करायचं काम नाही.

रुग्णाच्या खात्यात एक गोष्ट जमा होते: त्याच जातीचा संसर्ग सहसा पुन्हा होत नाही. दुसऱ्या जातीचा मात्र होऊ शकतो.

अंगावर, कपड्यावर, खाटेवर

लस नाही, प्रतिबंधक गोळीही नाही. जे आहे ते एवढंच, आणि तिन्ही एकत्र असतील तरच चालतं.

अंगावर डीट किंवा तत्सम रिपेलंट. ३० टक्के डीट साधारण पाच-सहा तास टिकतं, घामात कमी. रात्रीच्या पहाऱ्याला जाताना लावलं आणि परत येऊन झोपताना लावलंच नाही, तर पहाटेचा पहारा माशीचा. विसरल्या जाणाऱ्या जागा ठरलेल्या: कानामागे, मानेची मागची बाजू, मोज्याच्या वरची घोट्याची पट्टी. सनस्क्रीन लावत असाल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर रिपेलंट. चेहऱ्यावर थेट फवारू नका, तळहातावर घेऊन लावा. डीट प्लास्टिक आणि रेक्झिन विरघळवतं, घड्याळाचा पट्टा आणि चष्म्याची काडी जपा.

कपड्यावर परमेथ्रिन हे कीटकनाशक, ०.५ टक्के. वर्दी दोरीवर टांगून बाहेरच्या बाजूने ओलसर होईपर्यंत फवारायची, सावलीत दोन ते चार तास सुकू द्यायची, मगच घालायची. आतल्या कपड्यांवर नको. फवारलेली वर्दी साधारण पाच-सहा धुण्यांपर्यंत काम देते. परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं क्रीमही दुकानात मिळतं, ते खरजेचं. नाव एक, काम वेगळं. ते क्रीम अंगाला चोळून माशी येत नाही असं समजू नये, आणि कपड्याचं फवारणी द्रावण अंगाला लावू नये.

खाटेवर मच्छरदाणी, पण जाळी बघून. साध्या मच्छरदाणीत चौरस इंचाला साधारण १५६ भोकं असतात आणि त्यांतून वाळूमाशी आरामात निघते. तिला अडवायला एका सरळ इंचात किमान १८ भोकं हवीत, म्हणजे चौरस इंचाला ३२४. इतकी बारीक जाळी ४४ अंशांच्या उकाड्यात वारा अडवते, आणि जवान मध्यरात्री ती काढून फेकतो. ज्याने जळगावचा मे महिना काढलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणून कीटकनाशक लावलेली नेहमीच्या जाळीची मच्छरदाणी हा जास्त शहाणपणाचा पर्याय: भोक मोठं असलं तरी माशी जाळीवर टेकते आणि मरते. ती अंधार पडायच्या आधी गादीखाली खोचायची. हात किंवा गुडघा जाळीला टेकला तर माशी बाहेरून चावते. पंखा असेल तर अंगावर घ्या, ही माशी उडण्यात कच्ची आहे, वाऱ्यात टिकत नाही.

तळ ठोकताना बिळं, जुनी पडकी भिंत आणि गोठा यांपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. माशी टुणटुणत जमिनीलगत फिरते, म्हणूनच काळ्या आजाराच्या फवारणीत भिंतीवर सहा फुटांपर्यंतच औषध मारतात. जमिनीवर सतरंजी टाकून झोपण्यापेक्षा खाट बरी, खालच्या मजल्यापेक्षा गच्ची बरी. भेगा सिमेंटने बुजवणं हे कंटाळवाणं काम, पण कायमच्या चौकीत ते सगळ्यात जास्त वर्षं फळ देतं.

घरी येणारी दुसरी पाहुणी

वरचा आजार घरात पसरत नाही. खरूज पसरते, आणि प्रत्यक्षात बराकीतून घरी येणारा परजीवी बहुतेक वेळा हाच. खरजेचा किडा पहिल्यांदा लागला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे सुटीच्या पहिल्या दिवशी जवानाला काहीच होत नसतं, आणि तो परत गेल्यावर घरातल्या लेकरांना रात्री झोप येईनाशी होते. एकदा होऊन गेली असेल तर दुसऱ्या वेळी एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांच्या वापरलेल्या घोंगड्यांत झोपवूनही खरूज क्वचितच लागली. माणसाच्या अंगाला अंग लागल्याने मात्र लागली. रुग्णाच्या अंगावर प्रौढ माद्या सरासरी अकराच्या आसपासच सापडल्या. म्हणून घोंगड्या उकळत बसण्यापेक्षा माणसांवर, आणि सगळ्या माणसांवर, एकाच दिवशी उपचार करणं महत्त्वाचं.

परमेथ्रिन ५ टक्के क्रीम, मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक पूर्ण ट्यूब. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काख, कमरेचा पट्टा, गुप्तांग, नितंबांमधली घडी. ८ ते १४ तास ठेवून धुवायचं. रात्री लावून सकाळी अंघोळ हे सोयीचं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, आणि हात हाच किड्याचा आवडता पत्ता असल्याने उपचार इथेच सर्वाधिक वाया जातो. आठवड्याने सगळं पुन्हा. एकत्र कुटुंबात दहा माणसं असतील तर दहांनाही त्याच रात्री, खाज असो वा नसो. दोन ट्यूब आणून दहा जणांत वाटल्या तर कुणाचीच जात नाही.

गोळी हवी तर आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२ मिलिग्रॅम, जेवणासोबत, एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा. गरोदर बाई आणि १५ किलोखालचं मूल यांना नको. दोन महिन्यांखालच्या बाळाला परमेथ्रिनही नको, डॉक्टर सहसा गंधकाचं मलम देतात. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी खाज शमवतं, किडा मारायला त्यावर विसंबू नये. कपडे, चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा, किंवा पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. अंगावेगळा किडा दोन-तीन दिवसांत मरतो.

खाज मात्र किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे राहते. या काळात "औषध लागू पडलं नाही" म्हणून रोज क्रीम चोळलं तर त्वचा जळजळते आणि नवी खाज सुरू होते. लेकरांच्या खरजेत पू धरला तर अंगावर काढू नका. त्या जिवाणूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, लघवी लालसर होते, तोंडावर सूज येते.

परदेशी मोहिमेवरून आलेल्यांसाठी

काँगोत असताना दोरीवर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर टुंबू माशी अंडी घालते. अळी त्वचेत शिरते आणि गळवासारखी गाठ होते, पण मध्ये एक बारीक छिद्र असतं आणि आत हालचाल जाणवते. ती दाबून फोडू नका, आत फुटली तर सूज वाढते. छिद्रावर व्हॅसलीनचा जाड थर द्या, हवा बंद झाली की अळी वर येते, मग चिमट्याने काढतात. कपड्यांना दोन्ही बाजूंनी, कमरपट्ट्यासकट, कडक इस्त्री, हाच बचाव.

दक्षिण सुदानहून आलेल्याला ताप दोन आठवड्यांहून जास्त टिकला, वजन घटलं, डाव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, तर तो काळा आजार असू शकतो. इथे आरके-३९ पट्टी कामाची, पण आफ्रिकेतल्या रुग्णांत ती चुकीने निगेटिव्ह येण्याचं प्रमाण आपल्याकडच्यापेक्षा जास्त आहे. शंका उरली तर थांबू नये.

सुटीवर असलेल्या सैन्यातल्या जवानाला जवळच्या लष्करी रुग्णालयात दाखवता येतं. भुसावळ-जळगाव-चाळीसगावकरांना देवळाली एका गाडीत आहे, ओळखपत्र आणि सुटीचा कागद सोबत ठेवावा. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेलात तर त्वचारोग विभागात जा, आणि एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या: गेल्या बारा महिन्यांत कुठल्या प्रदेशात कुठले महिने, झोपण्याची जागा, गाठ पहिल्यांदा दिसली ती तारीख, आजवर लावलेल्या ट्यूब आणि घेतलेल्या गोळ्या. रिकामी ट्यूब फेकली नसेल तर तीही खिशात टाका. फोडाचा फोटो दर आठवड्याला त्याच बाजूने, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढलेला असेल तर आकार किती वाढला हे डॉक्टरला विचारावंही लागत नाही.